तीन डीलर, एक बँक: ८ लाखांच्या कार लोनचे कोट ताडून कसे पाहायचे?

गोदाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पाडव्याच्या आत गाडी घ्यायची आहे. चार मीटरच्या आतली, ११९७ सीसी पेट्रोल, एक्स-शोरूम ९,४०,०००, नोंदणी नाशिकला. गाडी ठरलेली आहे, व्हेरिएंटही ठरलेलं आहे, त्यामुळे "त्यापेक्षा ती दुसरी का नाही घेत" हा विषय कृपया इथे नको. पावणेतीन लाखांच्या आसपास घरातले घालणार आणि ८ लाख कर्ज काढणार.

एकाच कंपनीच्या तीन डीलरांकडे जाऊन आलो. प्रत्येकाने वेगळ्याच तऱ्हेने कोट दिलाय, म्हणून इथे मांडतो.

डीलर अ: डिस्काउंट ३०,०००. व्याज "फक्त साडेपाच टक्के", ५ वर्षं, ईएमआय १७,०००. प्रोसेसिंग फी शून्य. पहिला ईएमआय आगाऊ.

डीलर ब: डिस्काउंट ३०,०००. व्याज ८.७५ टक्के, ५ वर्षं, ईएमआय १७,००५. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का अधिक जीएसटी.

डीलर क: फायनान्स त्यांच्याकडून घेतलं तर डिस्काउंट ४५,०००, नाहीतर २५,०००. व्याज ९.७५ टक्के, ७ वर्षं, ईएमआय १३,१७८. फी ३,००० अधिक जीएसटी.

शिवाय माझा पगार जिथे जमा होतो ती राष्ट्रीयीकृत बँक: ९ टक्के, ५ वर्षं, ईएमआय १६,६०७. फी २,००० अधिक जीएसटी.

घरी मत पडलं की अ घ्या, साडेपाच टक्के कुठे मिळतात. मला मात्र कळत नाहीये की साडेपाच टक्केवाल्याचा आणि पावणेनऊवाल्याचा ईएमआय सारखाच कसा आला.

रिकामटेकडा
साडेपाच टक्क्यांनी कार लोन? खुद्द रिझर्व्ह बँक बँकांना सव्वापाचने पैसे देते हो सध्या. डीलरसाहेब समाजसेवक दिसतात.

आकडेमोड
गोदाकाठ, अ चा साडेपाच टक्के हा फ्लॅट रेट आहे. म्हणजे ८ लाखांवर पाचही वर्षं पूर्ण व्याज लावलंय: ८ लाखांचे साडेपाच टक्के ४४,०००, गुणिले ५ म्हणजे २,२०,०००. मुद्दल मिळवून १०,२०,०००, भागिले ६०, झाले बरोबर १७,०००. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, चौथ्या वर्षी तुमच्याकडे बँकेचे ८ लाख नसतातच, तरी व्याज ८ लाखांवरच. रिड्युसिंग पद्धतीने (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज) हाच ईएमआय १० टक्क्यांचा होतो. साडेपाच फ्लॅट म्हणजे पाच वर्षांसाठी जवळपास दहा रिड्युसिंग, हे पाठच करून ठेवा.

वर पहिला ईएमआय आगाऊ आहे. म्हणजे हातात ७,८३,००० आणि पुढे ५९ हप्ते. तो धरला की दर १०.४ च्या आसपास जातो. फी शून्य ठेवून ती दुसऱ्या खिशातून घेतली आहे.

ब चा प्रश्न वेगळा आहे. ८ लाखांना ८.७५ ने ५ वर्षांचा ईएमआय १६,५१० यायला हवा. त्यांनी १७,००५ सांगितलाय. एवढा फरक राऊंडिंगने पडत नाही. कोटात कर्जाची रक्कम नीट बघा, ८ लाखच लिहिली आहे का?

गोदाकाठ
आत्ता बघितलं. कोटात खाली बारीक अक्षरात "लोन अमाउंट ८,२४,०००". फोन केला तर म्हणाले २४,००० लोन सुरक्षा विमा आहे, "सगळेच घेतात सर".

आकडेमोड
मग जुळलं. ८,२४,००० ला ८.७५ ने १७,००५ च येतात. पण गाडीसाठी हातात ८ लाखच, त्यातून फी ४,८६२ (विमा धरलेल्या रकमेवर फी, त्यावर १८ टक्के जीएसटी). एवढी रक्कम घेऊन १७,००५ चे ६० हप्ते म्हणजे प्रत्यक्ष दर सव्वादहाच्या वर.

हे घरी कुणालाही करता येतं. एक्सेलमध्ये "रेट" नावाचं सूत्र आहे. त्यात हप्त्यांची संख्या, मग उणे चिन्ह लावून ईएमआय, मग तुमच्या उपयोगी पडलेली रक्कम टाकायची आणि उत्तराला १२ ने गुणायचं. कर्जाच्या कागदावर छापलेली रक्कम टाकायची नाही. फी, विमा, आगाऊ हप्ता जाऊन गाडीच्या किमतीत प्रत्यक्ष किती गेले ते टाकायचं. आगाऊ हप्ता असेल तर रक्कम पूर्ण ठेवून त्या सूत्रातला शेवटचा आकडा ० ऐवजी १ करायचा, दोन्ही एकदम करायचं नाही.

वाळूज_एमआयडीसी
सगळे ५ वर्षांवर का अडलेत? क चा ईएमआय १३ हजार आहे. महिन्याला साडेतीन हजार वाचतात, ते एसआयपीत टाका. मी आमच्या गाडीला तेच केलं. ईएमआय जितका कमी तितकी झोप चांगली.

मीच_ती
@वाळूज, क चा ईएमआय कमी आहे कारण वर्षं जास्त आहेत, दर तर बँकेपेक्षाही चढा. ७ वर्षांत १३,१७८ गुणिले ८४ म्हणजे ११,०६,९५२. त्याच दराने ५ वर्षांचा ईएमआय १६,८९९ आणि एकूण १०,१३,९४०. फरक ९३,०००. आणि साडेतीन हजार एसआयपीत खरंच जातात का हो? आमच्याकडे ते आपसूक स्विगीत जातात.

वाळूज_एमआयडीसी
माझे जातात ताई. पहिल्या तारखेलाच कापले जातात. सगळ्यांना एकाच मापात मोजू नका.

लेजर_काका
वाद नको, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. ज्याचा पगार आज ताणलेला आहे आणि पुढे वाढणार हे पक्कं आहे त्याने लांब मुदत घेतली तर चूक म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. चौथ्या वर्षी गाडी विकायची म्हटली तर क च्या ७ वर्षांच्या कर्जात अजून ४,१०,००० च्या आसपास बाकी असतील. ५ वर्षांच्यात तेव्हा १,९२,००० उरलेले असतात. जुन्या गाडीला तेव्हा काय भाव येईल हे आज कोण सांगणार? बोजा उतरल्याशिवाय आरसी दुसऱ्याच्या नावावर सुखाने होत नाही.

आता मुख्य मुद्दा. मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, कर्ज विभागात बराच काळ काढला. गोदाकाठराव, तुमच्याकडे आहेत ते कोट नव्हेत, व्हॉट्सॲपवर आलेली चित्रं आहेत. त्या प्रत्येकाकडे की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागा. रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०२४ चं परिपत्रक आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नव्या रिटेल मुदत कर्जांना ते लागू आहे, बँक असो की एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी). त्यात एपीआर म्हणजे सगळे खर्च धरून वार्षिक दर टक्क्यांत लिहावाच लागतो. कर्जदाराकडून वसूल करून तिसऱ्याला द्यायचा विम्याचा हप्तासुद्धा त्यात धरावा लागतो. म्हणजे ब चा ८.७५ तिथे ८.७५ म्हणून उभा राहूच शकत नाही.

आणखी दोन गोष्टी फारशा कुणाला माहीत नसतात. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो, मराठीत मागायला लाजू नका. आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात तो दिल्यावर विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, तेवढ्या काळात तुम्ही हो म्हणालात तर त्याच अटींवर कर्ज द्यायला ते बांधील. "आजच सही करा, उद्या ऑफर नाही" हे त्यात बसत नाही. ज्या शुल्काचा त्या कागदात उल्लेख नाही ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे मागता येत नाही.

रिकामटेकडा
काका, डीलरकडे मराठीत की फॅक्ट स्टेटमेंट मागितलं तर तो आधी चहा मागवेल आणि मग साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगेल.

शोरूमवाला
चहा मागवेल हे खरं, पण देईल. मी काही वर्षं शोरूमच्या फायनान्स डेस्कवर होतो (आता वेगळ्या क्षेत्रात आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो). डेस्कवरच्या मुलाच्या हातात तो कागद नसतो हे खरं आहे. लॉगिन झाल्यावर (म्हणजे कर्जाचा अर्ज दाखल झाल्यावर) बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या माणसाकडून येतो. म्हणून त्या मुलाशी भांडू नका, "बँकेच्या एक्झिक्युटिव्हचा नंबर द्या" एवढंच म्हणा.

आता आतली गोष्ट. नुसत्या गाडीवर डीलरला फार सुटत नाही. त्यातही डिस्काउंटमध्ये अर्धं जातं. कमाई फायनान्सचं पेआउट, विमा, ॲक्सेसरीज आणि एक्स्टेंडेड वॉरंटीत. कर्जाच्या रकमेवर बँक डीलरला पेआउट देते. काही ठिकाणी दर जितका चढा लावला तितकं पेआउट वाढतं. म्हणून डेस्कवरचा पहिला आकडा शेवटचा नसतो. "माझ्या बँकेने ९ दिलाय" म्हणून मंजुरीपत्र टेबलावर ठेवलं की पाव-अर्धा टक्का तिथल्या तिथे उतरताना मी कितीदा तरी पाहिलाय. महिनाअखेरीला तर हमखास, तेव्हा सगळ्यांची टार्गेटं डोक्यावर असतात.

पण म्हणून डीलरचं फायनान्स म्हणजे फसवणूकच, असंही नाही. त्याच पेआउटमधून तो तुम्हाला जादा डिस्काउंट देऊ शकतो. क तेच करतोय.

लेस्टरकर
इंग्लंडमधून लिहितोय. इथे नेमक्या याच गोष्टीवर गेली काही वर्षं रान पेटलंय. गाडी विकणाऱ्याने दर जितका वाढवायचा तितकं त्याचं कमिशन वाढायचं, गिऱ्हाइकाला पत्ता नाही. इथल्या वित्तीय नियामकाने जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकारच्या कमिशनवर बंदी घातली. मग जुन्या कर्जांचे खटले वर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. कोर्टाने डीलरवर विश्वस्तासारखी जबाबदारी टाकली नाही, पण एका गिऱ्हाइकाचा दावा मान्य केला. त्याच्या कर्जावर जेवढा एकूण खर्च आकारला होता त्याच्या ५५ टक्के इतकं कमिशन डीलरला गेलं होतं. तिथे कायदा वेगळा, इथे वेगळा, पण डीलरला तोंडावर विचारायला काय हरकत आहे: "या कर्जावर तुम्हाला किती मिळतात?"

रिकामटेकडा
विचारायला हरकत नाही. उत्तराला चहा येईल, दुसरा.

आकडेमोड
शोरूमवाला म्हणतात त्यावरून क चं ५ वर्षांचं गणित मांडून पाहिलं, कारण ७ विरुद्ध ५ ताडून पाहण्यात अर्थ नाही. क कडून ५ वर्षांना ईएमआय १६,८९९, बँकेचा १६,६०७. महिन्याला २९२, पाच वर्षांत १७,५२० जास्त. पण फायनान्स त्यांच्याकडून घेतलं की २०,००० जास्त डिस्काउंट, तेही आज हातात.

सूत्रात टाकलं. बँक: ८ लाखांतून फी २,३६० वजा, दर ९.१३. क: ८ लाखांतून फी ३,५४० वजा आणि डिस्काउंटचे २०,००० मिळवले, दर ८.८८. म्हणजे चढ्या दराचं कर्ज स्वस्त पडतंय. मलाही आधी पटलं नाही, दोनदा करून पाहिलं.

मीच_ती
ताई, गणित बरोबर, पण तुलना कोणाशी करताय? बँकेचं कर्ज घेतलं तर गाडी क कडूनच घ्यायची सक्ती कुठे आहे? अ आणि ब ३०,००० देतायत. त्यांनी बाहेरच्या कर्जावरही तेवढेच दिले, तर क चा खरा फायदा ४५ उणे ३०, म्हणजे १५,००० च.

आकडेमोड
अगदी बरोबर. १५,००० धरले तर क चा दर ९.१४ येतो. बँक ९.१३. बरोबरी! गोदाकाठ, अ ला विचारा, त्यांचे ३०,००० बाहेरच्या फायनान्सवर टिकतात का? आणि एक: क च्या ४५,००० ला आणखी काही अटी आहेत का, विमा वगैरे?

गोदाकाठ
विचारून आलो. अ म्हणाला ३०,००० कुठूनही फायनान्स घ्या, मिळतील, फक्त बुकिंग या आठवड्यात करा. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. क च्या ४५,००० ला अट आहे. विमा त्यांच्याकडूनच. त्यांचा विमा ५२,०००. अ चा विमा मी बघितलाच नव्हता, तो बाहेरून घेतला तरी चालेल म्हणतो. ऑनलाइन बघितलं तर मला त्याच कव्हरचा ४१,००० दाखवतोय.

आकडेमोड
मग संपलंच. ११,००० जादा विम्याचे क च्या खात्यात धरले की दर ९.७२.

लेजर_काका
विम्याचं "तेच कव्हर" म्हणजे नक्की तेच का ते बघा. नव्या गाडीला थर्ड पार्टी ३ वर्षांचा सक्तीचा आहे (सप्टेंबर २०१८ पासून), गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा १ वर्षाचा. थर्ड पार्टीचा भाव कंपनी ठरवत नाही, २०२२ च्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला ३ वर्षांचे १०,६४० होते, वर जीएसटी. तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये. तिथे चार गोष्टी जुळवा: आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झीरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम). ऑनलाइन स्वस्त दिसतो तेव्हा बरेचदा आयडीव्ही खाली ओढलेला असतो.

गोदाकाठ
आयडीव्ही जुळवला, २,००० चा फरक पडला. ४३,०००.

शोरूमवाला
५२ आणि ४३ मधले ९,००० तुमचा आयडीव्ही नव्हे, आमच्या जुन्या सहकाऱ्याचा महिना आहे. त्याला ४३ चं कोटेशन दाखवा, तो ४५ ला तरी येईलच. डीलरकडच्या विम्याचा एक फायदा मान्य करावा लागेल: त्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेस क्लेमला कमी खेटे. पण विमा आमच्याकडूनच घ्या नाहीतर गाडी देणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते चालणारं नाही. विमा कुठून घ्यायचा हा गिऱ्हाइकाचा अधिकार आहे.

त्यांच्या प्रोफॉर्मात (एकूण खर्चाच्या कच्च्या बिलात) "हँडलिंग", "लॉजिस्टिक्स", "एसेन्शियल किट" असल्या ओळी असतील तर त्याही वाचा. एसेन्शियल किट म्हणजे चटया, मडफ्लॅप आणि देव्हाऱ्यातला गणपती. हवं ते ठेवा, बाकी कापायला सांगा. डिस्काउंट ३०,००० द्यायचा आणि किट १८,००० चं लावायचं, हा जुना खेळ आहे.

वाळूज_एमआयडीसी
रोड टॅक्सही बघा. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, ९,४०,००० वर १,०३,४०० होतो. आमच्या एका मित्राला प्रोफॉर्मात "आरटीओ" म्हणून एकच गोळाबेरीज आकडा दिला होता, फोड मागितली तर पाच हजार कमी झाले. १० लाखांच्या आत आहात म्हणून टीसीएसचा (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायच्या आयकराचा) १ टक्का लागणार नाही, ते एक बरं.

पॅन किती जणांना दिलंत हेही सांगा. डेस्कवरचा पोरगा "फक्त एलिजिबिलिटी बघतो" म्हणून एकदम तीन-चार बँकांत लॉगिन करतो. प्रत्येक लॉगिन सिबिलवर (कर्जाची पत नोंदवणाऱ्या ब्युरोकडे) चौकशी म्हणून उमटतं.

गोदाकाठ
ब ला दिलं होतं. ओटीपी आला तो सांगितला.

लेजर_काका
ओटीपी दिलात म्हणजे संमती दिलीत. दोन-तीन चौकशांनी आभाळ कोसळत नाही, पण आता नव्याने कुणाला देऊ नका. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो, तो काढून कोणी कोणी चौकशी केली ते बघून ठेवा.

आता बँक आणि डीलर यांच्यातला तो फरक, जो सूत्रात येत नाही. बँकेचं तुमचं ९ टक्के फिक्स्ड आहे की फ्लोटिंग (बदलता दर)?

गोदाकाठ
फ्लोटिंग, रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी) जोडलेलं. क चं फिक्स्ड. फोरक्लोजर (मुदतीआधी कर्ज फेडायचं शुल्क) त्यांनी ५ टक्के अधिक जीएसटी सांगितलं. दिवाळी बोनस आणि एक एफडी मोडणार आहे, त्यामुळे वर्षभरात दोन-अडीच लाख भरायचा विचार आहे.

लेजर_काका
मग हे सगळ्यात आधी सांगायचं! रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या फ्लोटिंग कर्जावर, ते कर्ज व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेलं असेल तर, मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. थोडं भरा, सगळं भरा, पैसे कुठूनही आणा, आणि लॉक-इनही नाही. फिक्स्ड कर्जाला ही सूट नाही. क च्या कर्जात अडीच लाख भरायला गेलात आणि अंशतः फेडीलाही तेच शुल्क लावलं तर १२,५०० आणि वर जीएसटी. काही ठिकाणी पहिल्या वर्षात अंशतः भरूच देत नाहीत.

फ्लोटिंगला दुसरी बाजू आहे. फेब्रुवारी २०२५ च्या आधी रेपो ६.५० होता, डिसेंबरात ५.२५ वर आला. उतरतीचा फायदा आपोआप मिळाला. चढता काळ आला तर ईएमआय किंवा मुदत वाढेल. कार लोन लहान मुदतीचं असतं, त्यात तुम्ही लवकर भरणार, मी फ्लोटिंगच घेईन.

मीच_ती
शिवाय गृहकर्ज चालू असेल तर त्यावरचा टॉप-अप (वाढीव कर्ज) विचारा. दर बहुधा याहून कमी पडतो. मात्र पंधरा वर्षांच्या मुदतीत गाडी फेडत बसू नका, टॉप-अपची मुदत वेगळी ५ वर्षांची ठेवता येते का ते विचारा.

गोदाकाठ
गृहकर्ज नाही, भाड्याच्या घरात आहोत. टॉप-अप बाद.

ठरलं: अ कडून गाडी, बँकेचं कर्ज, विमा बाहेरून. बँकेत जाऊन आलो, की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत मिळालं (काकांना नमस्कार), एपीआर ९.१३, आकडेमोडताईंच्या आकड्याशी तंतोतंत. मात्र अ ने आज सूर बदलला. "बाहेरचं फायनान्स असेल तर पाडव्याला डिलिव्हरीची गॅरंटी नाही सर, डीओ उशिरा येतो."

शोरूमवाला
अर्धं खरं, अर्धं दडपण. डीओ म्हणजे बँकेने डीलरला द्यायचं पत्र की पैसे येतायत, गाडी सोडा. डीलरच्या टायअपच्या बँकेचा डीओ लवकर येतो, कारण तिचा माणूस शोरूममध्येच बसलेला असतो. राष्ट्रीयीकृत बँकेत प्रोफॉर्मा, मार्जिन मनीची (आपण घालायच्या रकमेची) पावती, कर्ज करारावर सह्या, असं एकामागून एक होतं. म्हणून आजच प्रोफॉर्मावर बँकेचं नाव हायपोथिकेशनसाठी (गाडीवरच्या बोज्यासाठी) बरोबर लिहून घ्या आणि मार्जिनचे पैसे डीलरच्या खात्यात टाकून पावती बँकेत द्या. रोखीने देऊ नका. शाखेत कर्ज बघणाऱ्या बाईंना किंवा साहेबांना रोज एक फोन.

बुकिंग पावतीवर व्हेरिएंट, रंग, एक्स-शोरूम भाव आणि "डिस्काउंट ३०,०००, फायनान्स बाहेरचे" असं हाताने लिहून सही-शिक्का घ्या. व्हॉट्सॲप मेसेज पाठवणारा सेल्समन पुढच्या महिन्यात दुसऱ्या शोरूमला असतो.

लेजर_काका
आणि कर्ज संपेल तेव्हा बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्या. माणसं कर्ज फेडतात आणि हे विसरतात, मग विकायच्या वेळी धावाधाव. एनओसीला मुदत असते, कपाटात ठेवून देऊ नका.

गोदाकाठ
पावतीवर सगळं लिहून घेतलं, सही-शिक्का झाला. किटमधून चटया ठेवल्या, बाकी कापलं. गणपती मात्र सेल्समनने आपणहून फुकट दिला.

रिकामटेकडा
रंग कोणता?

गोदाकाठ
पावतीवर पांढरा. घरात अजून वाद चालू आहे, त्यासाठी वेगळा धागा काढतो.